पाण्याशिवायचा ट्रक

सबीरने ट्रकला तिसरी फेरी मारली, तरी पाण्याची तोटी काही सापडेना.

अठ्ठावीस वर्षं तो नारीनच्या घाटांत ट्रक चालवत आला होता. थंडीत गाडी उभी केली की आधी इंजिनातलं पाणी सोडायचं, मग चहा. नाहीतर रात्रीत बर्फ होऊन इंजिन तडकायचं. आणि भाचा एर्लानने चेक सैन्याच्या मोडीतून आणलेल्या या ट्रकला म्हणे पाणीच लागत नव्हतं!

"मामा, हे इंजिन हवेवर थंड होतं," एर्लान दारातून ओरडला. "थंडीत इंजिन तापवायला त्याला स्वतःची शेगडीसुद्धा आहे. आत या, चहा गार होतोय."

"तू हो पुढे."

सकाळी वर धाकटा भाऊ तुर्दूच्या गोठ्यावर चारा न्यायचा होता. त्याची दोनशे मेंढरं बर्फात अडकली होती आणि चारा कालच संपला होता. ट्रक अडला तर सगळंच आटोपलं. पण सबीरला चैन पडेना. चाकं सहा, सहाही ओढणारी, पंखा परातीएवढा, सगळं मान्य. पण पाणी नाही असं इंजिन असतं कुठे? पोराला कुणीतरी बनवलंय. तो पाना घेऊन खाली सरपटला. तळाशी एक बूच होतं. सापडली तोटी! त्याने बूच फिरवलं.

काळंभोर, गरम तेल भसकन त्याच्या बाहीवर आलं.

त्याची आरडाओरड ऐकून त्याची बायको कालिपा दुधाच्या बादल्या घेऊन धावली. दोन बादल्या भरल्या, उरलेलं बर्फावर गेलं.

"अहो, तुमच्या वयाला शोभतं का हे?"

"ओततो परत. एर्लानला सांगू नकोस."

"आता ओतून काय करणार? उणे अडतीस होतंय. सकाळपर्यंत चरबीसारखं घट्ट बसेल." ती बादल्या उचलू लागली. "चरबी चुलीजवळ ठेवते मी, तसंच हेही ठेवू. दूध मात्र उद्या तुमच्या टोपीत काढीन."

थंडीमुळे बॅटऱ्या नेहमीप्रमाणे रात्री घरातच आणून ठेवल्या होत्या. सकाळी एर्लानने त्या जोडल्या आणि ट्रकची शेगडी पेटवायला घेतली. धूर आला, जाळ काही येईना. त्याचं तोंड उतरलं. "मामा, तेल गोठलं असणार. आता इंजिन फिरायचं नाही."

कालिपाने कोमट तेलाच्या बादल्या आणून त्याच्यासमोर ठेवल्या. सबीरने ते इंजिनात ओतलं आणि घरातल्या डब्यातलं थोडं इंजिनतेल घालून तूट भरून काढली. इंजिन दोनदा कण्हलं आणि सुरू झालं. सबीरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने तेलकट बाहीनेच पुसलं.

दुपारी ते गोठ्यावर पोहोचले. तुर्दू हातात सुरी घेऊन उभा होता आणि त्याच्या पायाशी एक अशक्त मेंढी बांधलेली होती. चाऱ्याचे भारे दिसताच त्याने तिचा दोर कापला.

"मामांची युक्ती!" एर्लान कौतुकाने सांगू लागला. "तेल काढून रात्रभर चुलीजवळ ठेवलं."

"युक्ती कसली," सबीर म्हणाला. "पाणी शोधत होतो. चुकून तेल सोडलं."

तुर्दूने सुरी बुटात खोचली आणि पहिला भारा खांद्यावर घेतला.

"चारा पुरेना म्हणून आजपर्यंत पंधरा मारल्या, दादा," तो म्हणाला. "ही सोळावी ठरली असती."