गच्चीभर ऊन

शेठ हे नाव गल्लीनं त्यांना गमतीनं दिलं होतं. हाताखाली एकही नोकर नाही, ऑफिस म्हणजे मागच्या खोलीतलं एक डगमगतं टेबल, आणि धंदा काय, तर अंडी उबवून पिल्लं विकायची. पण गच्चीवर सोलरची पॅनेल बसली आणि शेठ खरंच शेठसारखे चालायला लागले. आल्यागेल्याला दंडाला धरून वर नेत. "ही आपल्या घरची वीज. उबवणीची मशिनं हिच्यावर, पंखे हिच्यावर, पाण्याची मोटर हिच्यावर. उरली तर वीज कंपनीला आपण देतो!" असं म्हणून आकाशाकडे असं बघत, जणू सूर्य त्यांनीच शिडी लावून वर टांगला होता.

या बढाईचा सगळ्यात जास्त मार खाल्ला तो त्यांच्या मेहुण्यानं. बायकोचा हा धाकटा भाऊ वीज कंपनीत लाइनमन होता. सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे चहाला आला, की शेठ सुरू होत. "काय मेहुणे, आता तुमच्या तारेवर कपडे वाळत घाला. आम्हाला काही तिची गरज राहिली नाही." मेहुणा बशीत तोंड घालून हसायचा. स्वभावानं गरीब माणूस. बहिणीचं बरं चाललंय यातच त्याला आनंद होता.

पॅनेल बसवली त्या दिवशी एक लहानशी गोष्ट घडली होती. सोलरवाला भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीचं, म्हणजे इन्व्हर्टरचं, झाकण लावता लावता सगळं समजावून सांगत होता. शेठ फोटो काढण्यात गुंग होते. तेवढ्यात बायकोनं विचारलं, "पण बाहेरची लाईट गेली, तर आपली चालू राहील ना?" सोलरवाल्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण शेठ त्याच्या आधीच म्हणाले, "अगं, सूर्याची लाईट कधी जाते का?" सगळे खो खो हसले. हसणं ओसरलं तोवर सोलरवाल्याला कुणाचा तरी फोन आला, आणि प्रश्न तिथंच राहिला. पुढच्याच आठवड्यात शेठनी जुना जनरेटर चौकातल्या हॉलवाल्याला देऊन टाकला. कशाला हवा तो धूर आणि ती धडधड!

त्यानंतर दोनदा लाईट गेली, ती रात्री, आणि थोड्या वेळात आलीही. रात्री सूर्य नसतो, एवढं शेठनाही कळत होतं. त्यामुळे शंका यायचं काही कारणच पडलं नाही.

आता मशिनमधल्या अंड्यांविषयी. ती नेहमीची विकायची अंडी नव्हती. बायकोनं कित्येक वर्षं खपून स्वतःचा एक कळप तयार केला होता. कुठली कोंबडी आजारातून तगते, कुठली कडक उन्हातही धापा टाकत नाही, कुठली पिल्लांना टोचत नाही, हे बघून बघून निवडलेल्या कोंबड्या. त्या तिच्या पायात पायात यायच्या. शेठ चेष्टेनं म्हणायचे, "हिनं अंगणातच दुसरं माहेर पाळलंय." गेल्या महिन्यात रोग आला आणि सगळा कळप बघता बघता आडवा झाला. रोग शिरायच्या आधी गोळा केलेली अंडी तेवढी मशिनमध्ये होती. त्या कळपाचं जगात एवढंच उरलं होतं, आणि आज त्यांचा फुटण्याचा दिवस होता.

सकाळीच बायकोनं शेठना हाक मारली. "अहो, ऐका तरी." तिनं एक अंडं त्यांच्या कानाशी धरलं. आतून टकटक येत होती आणि तिच्यामागून बारीक चिवचिव. बऱ्याच अंड्यांना आतून चोचीचा टोचा पडला होता; कवचावर मुगाएवढा फुगवटा दिसत होता. रोग आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. शेठना आकाश ठेंगणं झालं.

आणि पंखा थांबला.

मशिनचा पंखा सतत घोंघावत असतो. कानाला त्याची एवढी सवय झालेली, की तो थांबला तेव्हाच त्याचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं. चौकाच्या बाजूला मोठा धडाम आवाज झाला होता. शेठ म्हणाले, "जाऊ दे बाहेरची. आपली आहे." मशिनचा दिवा लागला नाही. ते पेटीजवळ गेले. पेटीवरचा हिरवा दिवा विझून लाल लागला होता. शेठ गच्चीवर धावले, जणू पॅनेल कुणी उचलून नेली असावीत. पॅनेल जागच्या जागी होती. ऊन मी म्हणत होतं. पायाला चटके बसत होते.

सोलरवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे, साहेब. बाहेरची लाईट गेली की आपली सिस्टीम आपोआप बंद होते."

"अरे, पण ऊन आहे ना! डोळे उघडवत नाहीत एवढं ऊन आहे!"

"ऊन असून उपयोग नाही. ही पेटी बाहेरच्या विजेच्या तालावर चालते. ताल गेला की ती थांबते. बॅटरी बसवली असती तर वेगळी गोष्ट होती. आणि थांबायलाच पाहिजे, साहेब. नाही तर तुमची वीज उलटी तारेत जाईल. तिथं काम करणारा माणूस जागच्या जागी जाईल."

"हे आधी नाही सांगायचं?"

तो म्हणाला, "सांगत होतो, साहेब."

शेठनी हॉलवाल्याला फोन लावला. मागे जनरेटरची ओळखीची धडधड ऐकू येत होती. "अहो, इथं माणसं बसलीत, समारंभ चाललाय. आज कसा देऊ?" भाड्यानं जनरेटर देणाऱ्याचे दोन्ही कधीच गेले होते, सगळ्या वस्तीचीच लाईट गेलेली, मग एकट्या शेठसाठी कुठून उरणार! शेठ चपला न घालताच चौकात धावले.

चौकात ट्रान्सफॉर्मर जळून काळा पडला होता. खांबावर कमरेला पट्टा बांधून मेहुणा चढलेला. उघडी तार त्याच्या दोन्ही हातांत होती. शेठनी खालून विचारलं, "किती वेळ?"

"नवीन आणायला गाडी गेलीय, भावोजी. संध्याकाळ होईल." मग त्यानं सहज विचारलं, "जनरेटर लावलाय ना?"

मेहुण्यानं वरून त्यांच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि त्याला समजलं. "पण ताईची आजच ना..." एवढंच तो म्हणाला. एरवी शेठनी आरडाओरडा केला असता, कंपनीचा उद्धार केला असता. पण शिव्या द्यायच्या कुणाला? ज्या नियमानं घरातली पेटी बंद पाडली, त्याच नियमावर बायकोचा भाऊ वर जिवंत होता. शेठ आल्या पावली परत फिरले.

बायकोनं मशिनचं दार किलकिलं केलं होतं. "किती वेळ?" तिनं विचारलं. शेठनी सांगितलं. तिनं मान हलवली.

गार पडायची भीती नव्हती. खोली तापलेलीच होती. भीती वेगळी होती. दार बंद ठेवलं, तर पंख्यावाचून आत कोंडून पिल्लं गुदमरणार. उघडं ठेवलं, तर मशिनमधली ओल जाणार, कवचाखालचा पापुद्रा वाळणार आणि अर्धवट फुटलेलं पिल्लू त्यातच चिकटून बसणार. दोघं थोडं उघडत, थोडं लावत राहिली. बायको कोमट पाण्याचा फवारा मारत होती, शेठ पुठ्ठ्यानं वारा घालत होते. पुठ्ठ्याचा वारा तो कितीसा असणार!

दुपारी एक पिल्लू अर्धं बाहेर येऊन अडकलं. चोच उघडत होतं, मिटत होतं. शेठनी हात पुढे केला. "मी सोडवतो त्याला."

"नका. आत शिरा सुकलेल्या नसतात. ओढलं तर रक्त जाऊन मरेल."

"मग करायचं काय?"

"काही नाही," बायको म्हणाली. "बघायचं."

ती दोघं बघत राहिली. शेठनी आयुष्यात एवढा वेळ गप्प बसून काही बघितलं नव्हतं. चोच उघडायची थांबली, तेव्हा बायकोनं फवारा पुढच्या अंड्याकडे वळवला. शेठना वाटलं, हिनं आता आपल्याला बोलावं. टाकून बोलावं, चार लोकांत बोलावं. तिनं फक्त पाण्याचा मग भरून मागितला.

उन्हं कलता कलता पंखा सुरू झाला. भिंतीवरच्या पेटीत टक् झालं, लाल दिवा गेला आणि हिरवा लागला. कुणीही हात न लावता आपल्या घरची वीज परत आली आणि उरलंसुरलं ऊन गोळा करायला लागली. मशिनमध्ये छान ऊबदार, ओलसर वारा फिरू लागला. आत सहा-सात पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती, एक डोकं वर धरायचा प्रयत्न करत होतं. बाकीची अंडी गप्प होती.

मेहुणा काळ्या झालेल्या हातांनी तसाच आला. दारातच थांबला. "निघाली का गं, ताई?"

तिनं मशिनमधल्या ट्रेकडे बोट केलं. मेहुणा तिथंच उंबऱ्यावर बसला. "भावोजी, ही बंद पडते, हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "वाटलं, तुम्हालाही माहीत असेल. जनरेटर दिलात हेही कुणी बोललं नाही." बहिणीनं तांब्या आणला आणि त्याच्या हातांवर पाणी घातलं. हात स्वच्छ झाल्यावरही तिनं ते जरा वेळ धरून ठेवले, मग सोडले.

मेहुणा गेल्यावर ती ट्रेसमोर बसली. एक अंडं उचलायची, कानाशी धरायची, खाली ठेवायची. मग दुसरं. शेठ तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"तू विचारलं होतंस," ते म्हणाले.

"हो."

"मी ते हसण्यावारी नेलं."

तिनं हातातलं अंडं कानापासून दूर केलं. "तुम्ही सगळे हसलात," ती म्हणाली, "तेव्हा मीही हसले हो."

तिनं पुढचं अंडं उचललं आणि कानाशी धरलं.