न पडलेली धार

परीक्षकाने नेहमी शेवटच्या रांगेत बसावे, असे माझे ठाम मत आहे. तेथून चित्रपट दिसतो आणि चित्रपटाने माणसांचे काय केले, तेही दिसते. परंतु त्या गुरुवारी आमच्या गावचे प्रमुख नाना यांच्या दरबारात माझे मत कोणी विचारले नाही. बोआडूंनी आपल्या सोनेरी मुठीच्या काठीने चौथऱ्याच्या पायथ्याशी ठेवलेले एक बुटके स्टूल दाखवले.

"मास्तर, तुमची जागा इथं."

"इथून पडदा तिरका दिसतो."

"दिसू दे की. आम्हाला तुम्ही सरळ दिसता."

बोआडू हे नानांचे ओच्यामे. आमच्या गावच्या प्रमुखाशी कोणी थेट बोलत नाही. जे सांगायचे ते ओच्यामेला सांगावे, आणि त्याने ते घासूनपुसून नानांच्या कानी घालावे, ही रीत. मी आयुष्यभर शब्द मोजून वापरत आलो आणि कुमासी शहराच्या रेडिओवर दर शनिवारी चित्रपटांची चिकित्सा करत आलो. माझे शब्द दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडणार, ही कल्पनाच मला जाचत होती.

खटला असा होता. माझा मित्र न्सिआ याने 'ताडीवाला आभाळात' हा चित्रपट काढला होता. त्यात एक ताडी काढणारा तोडून आडव्या पाडलेल्या ताडाला बुडाशी जाळ देतो. आत फसफसलेल्या ताडीने खोड पेट घेते आणि त्याच्यासकट आभाळात जाते. न्सिआ वारला. आमच्या रिवाजानुसार घर, कॅमेरा, दिवे, सारे त्याच्या बहिणीच्या मुलाकडे, अनानेकडे गेले. अनानेने लगेच 'ताडीवाला पुन्हा आभाळात' काढला आणि यापुढे ताडीवाल्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असे जाहीर केले. न्सिआचा मुलगा न्तिम तिसऱ्या भागाची संहिता घेऊन बसला होता. तो नानांकडे आला. त्याचे म्हणणे एवढेच, की माणसाला रक्त आईकडून मिळते, पण तेज बापाकडून; घर रक्ताबरोबर जावे, ताडीवाला हे मात्र बापाचे तेज आहे.

नानांनी ठरवले, की दोन्ही चित्रपट दरबारात लागोपाठ दाखवायचे आणि मास्तर द्वोमोंनी, म्हणजे मी, सांगायचे, की पहिल्यातले तेज दुसऱ्यात उतरले आहे की नाही. उतरले असेल तर ताडीवाला अनानेचा. नसेल तर न्तिमचा.

अंधारासाठी खिडक्या लावून घेतल्या होत्या. जनरेटरवर पडद्याचे यंत्र चालत असल्यामुळे पंखे बंद होते. दारापाशी नानांचे तलवारधारी उभे. खेळ संपेपर्यंत कोणी उठायचे नाही. माझ्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, चौथऱ्यापुढच्या भुईवर टेकलेली नानांची रुंद काळी पादत्राणे होती. समोर, पडद्याच्या कडेला, पडद्याकडे पाठ करून बोआडू उभे होते आणि त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर खिळलेली होती. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की नानांना माझ्या शब्दांवर भरवसा नव्हता. माझे तोंड काय करते, यावर पहारा बसवला होता.

पहिला चित्रपट सुरू झाला. तो मला तोंडपाठ. ओळखीच्या विनोदाला माणूस हसत नाही. आधीच मनात हसून मोकळा झालेला असतो. मग तो प्रसंग आला. आभाळात तरंगणारा ताडीवाला घोट घेण्यापूर्वी पितरांना धार सोडायला ताडीने भरलेला पोकळ भोपळा कलता करतो, आणि धार पडतच नाही. थेंब हवेत लोंबकळतात. तो भोपळा घेऊन त्यांच्यामागे धावतो, ओरडतो, "अहो आजोबा, घ्या की! का माझ्या हातची चालत नाही?" लोक खदखदून हसले. न्तिमने लहानपणी बापाच्या सांगण्यावरून पामतेलाने भरलेल्या काचेच्या टाकीत थेंब सोडून ते दृश्य साधले होते. मग ताडीवाला थांबतो. खाली पाहतो, वर पाहतो. पितर कोणत्या बाजूला, हेच त्याला उमगत नाही. सभागृहातले हसू हळूहळू आटले.

त्याच क्षणी डावीकडे काहीतरी हलले. मी मान खाली घातली. नानांचे उजवे पाऊल पादत्राणातून निघाले होते. बोटे पुढे सरकली, आणि भुई जागेवर आहे ना हे चाचपावे तसे ते उघडे पाऊल भुईवर टेकले.

परदेशी वाचकाला हे क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे प्रमुखाचे अनवाणी पाऊल भुईला लागले, तर गावावर अरिष्ट येते, आणि ते कोणी बोलून दाखवले, तर प्रमुखाची गादी जाते. मी पाहत राहिलो. पाऊल तसेच मागे, पादत्राणात गेले. सेवकांचे डोळे पडद्यावर होते. मी वर पाहिले, तेव्हा नाना माझ्याकडेच पाहत होते.

दुसरा चित्रपट मी घामाने थबथबत पाहिला. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. आभाळातल्या नाक्यावर हवालदार ताडीवाल्याचे यान अडवून विचारतो, "आग विझवायचा डबा कुठाय? गाडी बंद पडल्यावर मागं ठेवायचा तांबडा त्रिकोण कुठाय?" ताडीवाला म्हणतो, "साहेब, इथं मागं कोण येणारे?" हवालदार म्हणतो, "माझा साहेब!" तेव्हा मी मोठ्याने हसलो. दडपण आलेला माणूस हसतो तसा, पण हसलो. शेवटी याही ताडीवाल्याने पितरांना धार सोडली. ती यानाच्या फरशीवर सरळ, थपकन पडली. कोणाला काही वाटले नाही.

दिवे लागले. मी उभा राहून आरंभ केला, "दुसऱ्या चित्रपटाची रचना विस्कळीत आहे."

बोआडू नानांकडे वळले. "मास्तर म्हणतात, नदीला फाटे फुटले, पण पाणी गोडच आहे."

"मी असे म्हणालो नाही!"

"मास्तर म्हणतात, ते नम्र आहेत."

सभा हसली. मी पुन्हा तोंड उघडणार, तोच बोआडूंनी काठी आपटली. "नाना, आता मी जे पाहिलं ते. पहिल्या चित्रपटात मास्तरांचा चेहरा जात्याच्या दगडासारखा होता. आणि धारेच्या ऐन वेळी त्यांची मान खाली गेली. डुलकी लागली. दुसऱ्याला मात्र नाक्यापाशी ते असे हसले, की स्टूल हललं."

अनाने टाळ्या पिटत उठला. "ऐकलंत ना? मामाचा चित्रपट मास्तरांना अंगाई, माझा मास्तरांना औषध! आता अजून कसला पुरावा पाहिजे?"

न्तिम उठला नाही. बसल्या जागेवरून हळूच म्हणाला, "मास्तर, काका, तुम्ही खरंच झोपलात? त्याच जागेला?"

मी झोपलो नव्हतो, एवढे सिद्ध करायला मी काय पाहत होतो, ते सांगावे लागले असते. पहिल्या चित्रपटाच्या थोरवीचा याहून अकाट्य पुरावा मला आजवर कोणत्याही परीक्षणासाठी मिळाला नव्हता: त्या दृश्याने या गावातल्या एका माणसाला पायाखालची भुई आहे की नाही, अशी शंका घ्यायला लावली होती, आणि तो माणूस असा होता, की ज्याने जन्मभर हीच एक गोष्ट विसरायची नव्हती. तो पुरावा माझ्या जिभेवर होता आणि जीभ उचलता येत नव्हती. न सांगावे तर न्तिमचे हक्काचे बुडते. सांगावे तर गादी बुडते. दारे बंद होती. सारे माझ्याकडे पाहत होते.

"ओच्यामे," मी म्हणालो, "माझे शब्द जसेच्या तसे पोहोचवा. गोड करू नका. मी झोपलो नव्हतो. धार पडेना, तेव्हा खाली कुठे आणि वर कुठे, हे मला कळेनासे झाले. माझे पाऊल नकळत चपलेतून निघाले आणि भुईला टेकले. मी मान खाली घालून तेच पाहत होतो. दुसऱ्या चित्रपटात धार थपकन पडली. तेव्हा माझे पाऊल चपलेतच होते."

सभेत हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडले, "मास्तर, तुमचं पाऊल तर रोजच मातीत असतं! तुम्ही काय प्रमुख लागून गेलात?"

बोआडूही हसत नानांकडे वळले आणि त्यांचे हसू ओठांवरच राहिले. नाना हसत नव्हते. त्यांनी दोन्ही पाय सावकाश आसनाखाली ओढून घेतले. बोआडूंनी त्या पायांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि प्रथमच माझे शब्द जसेच्या तसे उच्चारले.

नाना बोआडूंच्या कानाशी वाकले. बोआडूंनी घोषित केले, "घर अनानेचं. कॅमेरा अनानेचा. दुसरा चित्रपटही त्याचाच. पण ताडीवाला न्तिमचा. तेज खाली उतरलं नाही, वरच राहिलंय. ते आणायचं काम मुलाचं."

न्तिमने माझे हात धरले. "काका, तुमचे उपकार..." मी त्याला पुढे बोलू दिले नाही, कारण बोआडूंची काठी पुन्हा आपटली होती.

"नाना विचारतात, मास्तरांनी मान खाली घातल्यावर आणखी काही पाहिलं का?"

"माझे पाऊल," मी म्हणालो. "दुसरे काही नाही."

"मग नानांची इच्छा अशी, की यापुढं दरबारात जे जे दाखवलं जाईल, ते मास्तरांनी याच स्टुलावर बसून पाहावं. हा मान आहे. आणि मास्तर गाव सोडून कुठं राहायला जाणार असतील, तर आधी नानांना कळवावं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून आभार मानले.

त्या शनिवारी रेडिओवर मी दोन्ही चित्रपटांची तुलना केली. छायाचित्रणावर बोललो, कथानकाच्या बांधणीवर बोललो. दुसऱ्या कोणी इतके लंगडे युक्तिवाद केले असते, तर मीच त्याची सालटी काढली असती. एका श्रोत्याचा फोन आला. "मास्तर, सगळं खरं, पण पहिला श्रेष्ठ का, ते नीट सांगा ना. तुम्ही तर त्यात झोपला होतात म्हणे!"

"संकलन चांगले आहे," मी म्हणालो.

कुमासीत मुलीकडे राहायला जायचे माझे केव्हापासून चालले होते. मी त्याबद्दल आता काही काढत नाही, आणि मुलगीही विचारायची थांबली आहे. न्तिमचा तिसरा भाग तयार झाला आहे. काल बोआडू स्वतः निरोप घेऊन आले होते. या गुरुवारी दरबारात खेळ आहे. स्टूल जागेवरच आहे, आणि चित्रपट कसाही असो, मला मान वरच ठेवायची आहे.