सीडीत मावेना

कात्रीदादाला हे नाव कापडावरून पडलेलं नव्हतं. लिनक्स ही संगणक चालवणारी फुकटची यंत्रणा; जुन्यापुराण्या संगणकांवर चालेल इतकी हलकी ती छाटून, सोलून सीडीवर उतरवून देणं हा त्याचा धंदा. हात इतका सफाईचा, की एकदा त्यानं शेजाऱ्यांच्या लग्नाचं चित्रण छोटं करून दिलं, तर त्यात नवरानवरी उरलीच नाहीत. नुसते पाहुणे हात धुताना दिसत होते. शेजारी म्हणाले, एवढंच तर लक्षात होतं आमच्या.

पण आज थोरल्या बहिणीच्या, ताईच्या टायपिंग क्लासात त्याच्या कपाळाला घाम फुटला होता. एका बंद पडलेल्या कचेरीतून मिळालेले संगणक तिथे रांगेनं उभे होते. पेनड्राइव्ह लावला तर ओळख दाखवत नव्हते, इंटरनेटचं नाव काढायची सोय नव्हती. तोंडात सीडी दिली तरच डोळे उघडणार. आणि सीडीत मावतात सातशे एमबी, तर दादाची लिनक्स भरली सातशे एकतीस.

दारात भंगारवाला हातगाडी लावून बसला होता. ताईशी त्याचा करार साधा होता: आज यंत्रं चालली तर तुमची, नाही चालली तर माझी. यंत्रं गेली की क्लास गेला, आणि क्लास गेला की ताईची चूल गेली.

"घाई नाही हो," तो म्हणाला. "मी आपली दोरी सोडवून ठेवतो."

दादानं ईमेलचा प्रोग्राम काढून टाकला. लगेच यंत्रणेनं त्याच्या जागी दुसरा, दुप्पट जाडा आणून बसवला, कारण आतल्या कुणाचं तरी ईमेलवाचून अडत होतं. आकडा सातशे चव्वेचाळीस.

"अरे, कापतोयस की खत घालतोयस?" ताई ओरडली.

"जावयासारखं आहे गं हे. हाकललं तर भावाला घेऊन परत येतं."

"अनुभव आहे आम्हाला," कोपऱ्यातून दादाचे सासरेबुवा म्हणाले.

सासरेबुवा आणि आत्या तिथे का होते? तर घरची रीत. या घरातून काडी बाहेर टाकायची तरी आधी सगळ्यांना जमवून विचारायचं, "याला वाली कोण?" वाली निघाला की वस्तू राहिली. या रीतीपायी घरात तीन पायांची खुर्ची होती. चौथा पायही होता, पण दुसऱ्या खोलीत, कारण त्याचा वाली वेगळा होता.

दादानं पुकारा सुरू केला. "बुद्धिबळ?"

"हात लावून बघ," सासरेबुवा म्हणाले.

"पडद्यावरची तळ्याची चित्रं?"

"त्यातलं डावीकडचं बदक बघ," आत्या गहिवरली. "थेट तुझ्या आतोबांसारखं रोखून बघतं. त्यांना बाहेर काढतोस?"

"बरं, परदेशी लिप्या?"

"ती वाटोळी वाटोळी राहू द्या," दारातून आवाज आला. "छान दिसते."

"तुम्ही कोण मध्येच?"

"वाली," भंगारवाला म्हणाला.

शेवटी आत्यानं तोडगा काढला. ट्रंकेचं झाकण लागेना तर आपण काय करतो? वर बसतो. ती संगणकावर जाऊन बसली. आकडा दोन एमबीनं उतरला आणि ती उठल्यावर पुन्हा चढला, असं ती आजही शपथेवर सांगते.

दादाचं डोकं भणभणलं होतं. यादीच्या तळाशी आडव्या रेघांनी जोडलेलं एक लांबलचक, कुरूप नाव होतं. त्यानं ते अडखळत वाचलं. "याला वाली कोण?"

सगळ्यांनी हात झटकले. दादानं डोळे मिटून कात्री चालवली.

"सहाशे अठ्ठ्याण्णव! मावली!"

सगळं सीडीवर उतरवून ती पहिल्या संगणकाला भरवली. तो खोकला, घुरघुरला आणि पडद्यावर बदक उगवलं. आत्यानं पदर सावरला. भंगारवाल्यानं दोरी गुंडाळायला घेतली.

"आता हे आत कायमचं बसव," ताई म्हणाली.

दादानं बसवायचा प्रोग्राम इकडे शोधला, तिकडे शोधला. मग त्यानं यादीच्या तळाशी पाहिलं. बेवारस ठरवून हाकललेलं ते लांबलचक नाव त्याचंच होतं!

"ताई," तो पुटपुटला, "सीडी तोंडात आहे तोवर सगळं चालेल. पण आत काही बसायचं नाही. बंद केलं की हे सगळं विसरणार."

"म्हणजे चाललं नाही!" भंगारवाला दोरीसकट आत आला.

ताई कमरेवर हात ठेवून आडवी आली. "चालली तर, असं म्हणाला होतात. लक्षात राहिलं तर, असं नव्हतं ठरलं. आणि विसरण्यावरून भंगारात काढायचं असेल, तर आधी आमच्या आत्याला गाडीत बसवा."

"चला की," आत्या चप्पल शोधत म्हणाली. "कुठे जायचंय?"

भंगारवाल्यानं आत्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि रिकामी गाडी ढकलत निघून गेला.

ताईनं प्रत्येक यंत्राच्या तोंडात एकेक सीडी दिली आणि दारावर पाटी लावली: "इथे केलेली चूक संध्याकाळनंतर उरत नाही." मग काय विचारता! पोरं आली, पोरांचे बाप आले. टायपिंग येतच नाही हे उभ्या जन्मात कबूल न केलेले मोठमोठे साहेबही टोपी डोळ्यांवर ओढून आले. दिवसभर मनसोक्त चुकायचे आणि कोऱ्या अब्रूनं घरी जायचे.

काही दिवसांनी दादानं कुठूनशी जागा काढून तो प्रोग्राम पुन्हा कोंबला आणि नवी सीडी नाचवत धावत आला. "ताई, आता सगळं कायमचं लक्षात राहणार!"

रांगेतले साहेब दचकून मागे वळले. दोघांनी तर निघायची तयारी केली.

"गप बस मेल्या!" म्हणत ताईनं त्याच्या हातातली सीडी काढून घेतली, गरम कपाखाली ठेवली आणि पुढच्या साहेबांना आत बोलावलं.