न धुतलेले हात

माजरीच्या खाणवस्तीत कोळशाची धूळ कोणाच्याही दारात विचारून येत नाही. ती उंबरठ्यावर बसते, वाळत्या कपड्यांवर बसते आणि सुलतानाच्या तर मनावरच बसली होती. तरुणपणी शेगडीसाठी कोळसा फोडता फोडता तिने त्याच न धुतलेल्या बोटाने आपल्या तान्ह्या अंजुमला मध चाटविला होता. त्याच आठवड्यात लेकरू दगावले. डॉक्टरांनी ताप म्हटले. सुलतानाने आपले बोट म्हटले. तेव्हापासून ती हात धूतच होती. बोटांना भेगा पडल्या, तरी मनातला मळ काही निघेना.

पुढे सून सायमाला नबील झाला आणि सुलतानाचे हे हात धुण्याचे दुखणे अनावर झाले. एका दुपारी सुलतानाने त्या कोवळ्या जीवाला घासून घासून लालबुंद केले. सायमाने बाळ हिसकावून घेतले.

"याच्यापुढं असं केलं ना अम्मी, तं मी याले घेऊन नागभीडले मायक्यात चालली जाईन!"

म्हणून सुलतानाचा मुलगा नदीम तिला चंद्रपूरला मनाच्या दवाखान्यात नेऊ लागला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच. समुपदेशन करणाऱ्या आचलने तिच्यापुढे कोरा कागद आणि कोळशाचा तुकडा ठेवला.

"मावशी, बोटानं चित्र काढा. विचार आला तं येऊ द्या. चित्र होईस्तोवर हात मात्र धुवायचे नाई."

"त्यापरीस विस्तव दे ना हातात, बाई."

आरंभी ती नखाने कागद शिवे आणि नळाकडे धावे. हळूहळू ती बसू लागली. प्रत्येक वेळी एकच काळे वर्तुळ उमटे. आज मात्र तिने त्या काळोखात पदराने दोन जागा पुसून डोळे काढले.

"हे कोण, मावशी?"

"माही अंजुम."

आचल म्हणाली, "आज घरापर्यंत हात असेच नेता काय?"

"नेतो."

दुआ मागावी तसे तळवे उघडे ठेवून सुलताना नदीमच्या गाडीवर बसून घरी आली. सासू उपचार घेते आहे हे पाहून सायमाचेही मन आज द्रवले होते. तिने बाळ पुढे केले, आणि ते हात दिसताच झटक्याने मागे घेतले.

"अम्मी! आधी हात धुऊन या."

"काऊन म्हटलं तू हे?" नदीम ओरडला.

"मंग काय, कोळसा चारू लेकराले?"

सुलतानाच्या काळजात सुरी फिरली. ती मोरीकडे वळली. पाणी काळे आले, करडे झाले, निर्मळ झाले. हात थांबले नाहीत. नबील वाट पाहून आईच्या खांद्यावर झोपला. सायमाने त्याला आत नेऊन दार लोटले. निर्मळ पाणी आता तांबूस होऊ लागले होते.

"अम्मी, झाले ना साफ!"

"हो बेटा, झाले," असे म्हणत तिने पुन्हा साबण उचलला.

हताश होऊन नदीमने पिशवीतले चित्र काढले आणि तिच्यासमोर धरले. काळोखातून ते दोन डोळे तिच्याकडे पाहत होते.

"दूर धर रे," ती कळवळून म्हणाली, "पाणी उडून राह्यलं तिच्यावर."

तिने नळ बंद केला. हात मात्र तोटीवरच राहिला.