शिंप्याच्या दारातला हत्ती

मित्रांनो, मला आधी जरा लांबून बघा. जवळ उभे राहिलात तर तुम्हाला माझे एक दारच काय ते दिसेल. मी एक जुनी, थोराड, उंच चाकांची गाडी आहे. माझा रंग एके काळी हिरवा होता. आता त्याला काय म्हणावे हे ऊनपावसालाच ठाऊक. समोर चढ आला की माझी चारही चाके एकदम जोर लावतात, आणि सपाट रस्ता लागला की मला जांभया येतात. मला घडवलेच तसे आहे.

मी जन्मले त्या कारखान्यात दिवसभर ठिणग्यांचा पाऊस पडायचा. माझी चौकट जोडणाऱ्या वेल्डरने काम झाल्यावर डोळ्यांवरचा चष्मा वर केला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “जा बाई. दगडधोंडे तुझ्या वाट्याला येवोत.” कुणाला हा शाप वाटेल. मला तो आशीर्वाद वाटला.

आणि तो फळलाही. डोंगरात पाण्याचे झरे शोधत हिंडणाऱ्या मंडळींकडे माझी पहिली नेमणूक झाली. पाठीवर लोखंडी नळ्या, पोटात तंबू, टपावर दोरखंड, आणि आत दाटीवाटीने बसलेली, घामाने आणि चिखलाने माखलेली माणसे. वाट नसेल तिथून मी वाट काढायची. ओढ्यात उतरायची, पलीकडच्या काठावर नाक फुरफुरत चढायची. डिझेल मी तेव्हाही घटाघटा प्यायचे, पण कुणी हिशेब विचारला नाही. ओझे वाहणाऱ्याच्या ताटात कुणी डोकावत नाही. एखाद्या रानात नळीतून पाण्याची पहिली चिळकांडी उडाली की ती माणसे नाचायची, आणि त्यातला एखादा ओंजळभर पाणी आणून माझ्या काचेवर उडवायचा. “पहिला मान हिचा,” म्हणायचा.

पुढे माझ्यापेक्षा नव्या गाड्या आल्या. मला एका आवाराच्या कोपऱ्यात उभे केले. गवत माझ्या दारापर्यंत वाढले, सरडे माझ्या पायरीवर उन्हाला बसू लागले. एका चिमणीने माझ्या आरशामागे घरटे केले. तिचा मला फार आधार वाटे. कुणाच्या तरी उपयोगी पडत होते ना.

तिथे एके दिवशी मास्तर आले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. हे शिंपी. गळ्यात मोजपट्टी, कानावर खडूचा तुकडा, आणि माणूस समोर आला की आधी त्याचे खांदे बघायची सवय. माझ्याभोवती ते एक प्रदक्षिणा घालून आले, माझ्या पत्र्यावर हात फिरवला आणि हळूच म्हणाले, “वा. काय खांदे आहेत.”

मी तिथेच विरघळले.

मला विकत घेऊन माझ्यात बसल्यावर त्यांनी मला आपली गोष्ट सांगितली. एकट्याने गाडी चालवणारी माणसे गाडीशी बोलतात, हे तुम्हाला माहीत असेलच. लहानपणी ते शिवलेल्या कपड्यांची गाठोडी डोक्यावर घेऊन घरोघर पोचवायचे. एकदा एक मोठी गाडी शेजारून गेली आणि डबक्यातला चिखल नव्याकोऱ्या कपड्यांवर उडाला. गाडीतल्या माणसाने वळूनही पाहिले नाही. “तेव्हाच ठरवलं होतं,” मास्तर म्हणाले, “एक दिवस आपणही इतक्या उंचावर बसायचं, की चिखल पोचणारच नाही.”

असे मिरवत आम्ही त्यांच्या गल्लीत आलो. दुकान पुढे, घर मागे, शेजारी छोटे फाटक आणि आत अंगण. मास्तरांनी झोकात मला फाटकाकडे वळवले. माझे नाक आत गेले. खांदे अडले.

मास्तर मागे गेले, पुन्हा पुढे आले. आरसे मिटून पाहिले. पोटात श्वास ओढून धरला, म्हणजे त्यांनी स्वतःच्या. काही उपयोग झाला नाही. जन्मभर दुसऱ्यांची मापे घेणाऱ्या माणसाने फाटकाचे माप घेतले नव्हते.

समोरच्या सलूनमधून वस्तरेकाका बाहेर आले. त्यांचे खरे नाव काही वेगळे असणार, पण गल्ली त्यांना याच नावाने हाक मारी. हातात साबणाचा फेस, मागे खुर्चीत अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक.

“मास्तर, कंबरेत थोडी सैल झाली वाटतं,” ते म्हणाले.

“तुम्ही दाढ्या करा.”

“नाही, मी म्हटलं, दोन्हीकडून चिमटीभर दाबून घेतली तर बसेल. नाहीतर फाटकच उसवा. आत मार्जिन ठेवलंय ना?”

अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईकसुद्धा हसले. मास्तरांनी मला दुकानासमोर, भिंतीला चिकटून उभे केले. तीच माझी जागा झाली.

आता जरा मालकीणबाईंबद्दल सांगते. मास्तर कापायचे आणि मशीन चालवायचे. काजे, बटणे, तुरपाई, म्हणजे हाताचे सगळे बारीक काम मालकीणबाईंचे. दुकानाला पूर्वेची एक मोठी खिडकी होती. तिच्याखाली ठेंगण्या स्टुलावर त्या बसत आणि गुणगुणत:

*सुईच्या गं डोळ्यातून, ऊन जाई सरसर,*
*उन्हाच्या गं धाग्याने, शिवते मी घरदार.*

ही ओळ मी पहिल्या दिवशी ऐकली. दुसऱ्या दिवसापासून ती ऐकू येईना. मी नेमकी त्या खिडकीपुढे, तिचे ऊन अडवून उभी होते ना.

माझे दिवस मात्र मजेत चालले होते, असे मास्तरांना वाटे. मला वेगळेच वाटे. कधी काळी पाठीवर नळ्या वाहिलेल्या मला आता काम काय, तर हँगरला लटकवलेला एक सदरा दोन गल्ल्या पलीकडे पोचवायचा. मागच्या बाकावर तो एकटाच ऐटीत डुलत असायचा. कधी लिंबे आणायची, कधी बटणांची पुडी. पेट्रोलपंपावरचा माणूस मला बघून म्हणे, “मास्तर, काल विसरून गेलात का काही?” मास्तरांची लेक टिकली हिची शाळा वळणावरच होती. तरी मास्तर तिला माझ्यातून सोडायचे. माझे नाक आधी वळायचे, मग मी वळायचे, मग मागच्या गाड्या पों पों करायच्या, तोवर तिच्या मैत्रिणी पायी पोचून वर्गात बसलेल्या असायच्या.

“बाबा, मी सायकलने जाते ना,” टिकली म्हणे.

“मोठ्या गाडीत सुरक्षित असतं, बाळा.”

“आतल्यांना. मी तुमच्या गाडीच्या नाकासमोर उभी राहिले तर तुम्हाला माझी वेणीपण दिसत नाही. मी उभी राहून बघितलंय.”

“तू कशाला उभी राहिलीस?”

“बघायला. तुम्हीच म्हणता ना, आधी माप घ्यावं.”

घरात जेवताना रोज हाच विषय. मास्तर म्हणत, कष्टाने घेतली आहे, आपल्या माणसांनी ऐटीत फिरावे. मालकीणबाई म्हणत, ऐट असू दे, पण ती खिडकीपुढून हलवा. मास्तर म्हणत, गल्लीत दुसरी जागा आहे कुठे? ते खरेच होते. शेवटी मालकीणबाई भांड्यांकडे वळत आणि गाणे वेगळेच निघे:

*एक सदरा न्यायाला, हत्ती दारी झुलतो,*
*तेल पितो घागरीने, मुंगीवाणी चालतो.*

टिकली ताटावर वाकून हसे. मास्तरांना राग यायचा, पण ओळ चांगली होती, आणि चांगले टाके आणि चांगली ओळ यांना नावे ठेवणे त्यांना जमत नसे.

मग तो काळ्या कोटाचा प्रसंग घडला. एका नवरदेवाचा कोट होता. मास्तरांनी असा कापला होता की हँगरवरसुद्धा तो लग्नाला निघाल्यासारखा दिसे. मालकीणबाईंनी दिव्याखाली बसून त्याला बटणे लावली. सकाळी नवरदेवाची आई कोट न्यायला आली. तिने तो गल्लीतल्या उन्हात धरला आणि तिचा चेहरा बदलला.

“मास्तर, दोरा हिरवा आहे.”

गडद हिरवा. दिव्याखाली काळाच वाटणारा. उन्हात प्रत्येक बटणावर गवताची काडी उगवल्यासारखी दिसत होती.

“उद्या सकाळी नेते,” ती बाई शांतपणे म्हणाली. “तेव्हा काळा असू दे.” तिची ती शांतता मास्तरांना फार लागली. त्यांच्या दुकानातून आजवर काही परत आले नव्हते.

“तुझे डोळे गेले,” ते मालकीणबाईंना म्हणाले. आवाज रागाचा होता, पण आत भीती होती. ती मी ओळखली, कारण पुढच्याच घटकेला त्यांनी मालकीणबाईंना माझ्यात बसवले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांचा दवाखाना तळमजल्यावर होता. मी उघड्या दारासमोर उभी होते, त्यामुळे सगळे ऐकले.

“डोळे ठणठणीत आहेत,” डॉक्टर म्हणाले. “कामाला बसता कुठे?”

“खिडकीशी.”

“मग उजेड भरपूर असेल.”

मालकीणबाईंनी बोट दाराबाहेर केले. थेट माझ्याकडे. “ती बघा ना, उभी आहे. तीच असते खिडकीत.”

डॉक्टर मास्तरांकडे बघत राहिले. मास्तर आपल्या चपलांकडे बघत राहिले. आम्ही परत आलो. मला जागेवर उभे करून मास्तर दुकानात निघून गेले.

आता ऐका. मालकीणबाई दुकानात गेल्या, कोट, सुई आणि दोऱ्यांचा डबा घेऊन आल्या, माझ्या बंपरवर पाय ठेवला, आणि चढून चक्क माझ्या बॉनेटवर मांडी घालून बसल्या. सगळे ऊन तिथेच तर सांडलेले होते. कोट मांडीवर पसरला आणि हिरवा दोरा उसवायला लागल्या.

गल्ली गोळा झाली. वस्तरेकाका फेसाचा ब्रश घेऊन आले.

“वहिनी, वरच्या मजल्यावर शाखा काढली का?”

“हो. खाली वीज लागते, इथं फुकट आहे.”

मास्तर धावत बाहेर आले. “अगं, उतर. लोक बघतायत.”

“बघू देत. मलापण दिसतंय.”

मास्तर हात झाडत आत गेले. तिचे काम आपणच करू, असे त्यांनी ठरवले असणार. माझ्या काचेतून मला दिसत होते. ते मालकीणबाईंच्या ठेंगण्या स्टुलावर बसले. तिथे ते कधीच बसले नव्हते. हातात कापड घेतले, सुई धरली, दोरा ओवायला गेले, चुकले. डोळे बारीक केले, पुन्हा चुकले. मग डब्यातली दोन रिळे उचलली, दिव्याजवळ नेली, डोळ्यांजवळ नेली, एक निवडले. आणि ते निवडलेले रीळ घेऊन ते बाहेर आले, माझ्याशेजारी उन्हात उभे राहिले आणि मूठ उघडली.

हिरवे होते.

रीळ त्यांनी बोटांत फिरवून पाहिले. मग वर मालकीणबाईंकडे बघून म्हणाले, “मी काळं म्हणून घेतलं.”

“मीपण,” त्या म्हणाल्या, आणि जरा सरकून त्यांनी माझ्या बॉनेटवर जागा केली. मास्तर चढले. दोघांनी मिळून कोट पुरा केला. एकाने उसवायचे, एकीने लावायचे. माझ्या साऱ्या आयुष्यात इतके हलके ओझे मी वाहिले नव्हते, आणि इतके मोलाचेही.

आठवड्याभरात गुरांच्या डॉक्टरीणबाई खिसे शिवून घ्यायला आल्या. त्यांच्या कोटाला इतकी औषधे असायची की खिसे दर हंगामात फाटायचे. डोंगरावरच्या वाड्यांना त्या जात. त्यांची दुचाकी चढावर बंद पडली होती, आणि अडलेल्या गाईकडे त्या सामान पाठीवर घेऊन चालत गेल्या होत्या. गाय वाचली, वासरू नाही. हे सांगताना त्या खिशाच्या फाटक्या शिवणीशी खेळत होत्या.

मास्तर उठले, बाहेर आले, आणि पहिल्या दिवसासारखा माझ्यावर हात फिरवला.

“हिला न्याल?” त्यांनी विचारले. “खांदे तुमच्या कामाच्या मापाचे आहेत.”

“नेते,” त्या म्हणाल्या. “पण गावात नाही हं फिरवणार. पायथ्याशी ठेवीन. इथं यायला बस आहे की.”

मास्तर हसले. बऱ्याच दिवसांनी.

“आणि मास्तर, तुमचं उंच बसायचं?” वस्तरेकाकांनी विचारले.

“बसलो की परवा. बॉनेटवर,” मास्तर म्हणाले. “त्याहून उंच कुठं बसू?”

निघताना मालकीणबाईंनी माझी काच पुसली. आणि गाणे म्हटले, या वेळी माझ्यासाठी:

*जा गं थोरल्या बाई, डोंगर तुझं सासर,*
*अंगाजोगं काम तिथं, पोटाजोगी घागर.*

डॉक्टरीणबाईंनी मला हळूहळू मागे घेतले. मी वीतभर सरकले, तसे ऊन वीतभर आत गेले. आधी खिडकीच्या चौकटीवर, मग मशीनच्या चाकावर, मग त्या ठेंगण्या स्टुलावर. मी पुरती बाजूला झाले तेव्हा दुकानभर रंगच रंग उमटले. इतके रंग त्या दुकानात आहेत हे मला माहीतच नव्हते.

आता मी पायथ्याशी असते. हाक आली की निघते. परवाच एक रेडकू पोटात घेऊन खाली आले. वाटभर ते ओरडत होते आणि माझा मागचा बाक चाटत होते. डिझेल अजून घटाघटाच पिते, पण आता घोट घशात अडकत नाही.

मित्रांनो, आम्हा थोराड गाड्यांचा राग धरू नका. आम्हाला धुवा, तेलपाणी करा आणि आमच्या जोगते काम द्या. एका सदऱ्याला सायकल पुरते, वळणावरच्या शाळेला पाय पुरतात. आणि तरीही कधी दाराशी मोठी गाडी उभी केलीत, तर तिच्याकडे बाहेरून बघत राहू नका. एकदा घरात जा, खिडकीशी जो बसतो त्याच्या जागी बसा, आणि तिथून सुईत दोरा ओवून बघा.