ताकदीचा डबा

गिरणीची पहिली पाळी भरायच्या आत सुरतेच्या बमरोली भागातल्या एका खोलीत सुंदराचा स्टो पेटे. पहिलं दूध लखनचं, मग नवऱ्याचा चहा, आणि दुधाचं भांडं विसळून ते पाणी योगिताच्या चहात. असं कुणी ठरवलेलं नव्हतं. सुंदराच्या माहेरी, अमळनेरकडे, हीच रीत होती; सुरतेला येताना ती सामानाबरोबर आली.

अठरा वर्षांचा थोरला मुलगा लखन आखाड्यात जाई. त्याच्या पैलवानकीने आजवर दूधच तेवढं चीत केलं होतं. धावत होती ती चौदा वर्षांची योगिता. पंधराशे मीटरमध्ये ती शहरात पहिली आली, तेव्हा शाळेचे वाल्मिक सर स्वतः घरी आले. बडोद्याच्या स्पर्धेसाठी त्यांनी ताकदीच्या पावडरीचा डबा आणला होता.

"रोज दोन चमचे, दुधातून. पोरीलाच द्या हं, वहिनी."

सरांची पाठ वळताच सुंदराचा नवरा लोटू तिला म्हणाला, "लखनले दे तो. पोर शर्यतमा पयीसन काय करी? आंग आडदांड व्हयनं ते लगीन कोन करी तिनासंगे?"

सुंदराला नवऱ्याचा शब्द मोडवेना आणि पोरीचं मनही. तिने पावडर लखनसाठी बरणीत काढली. मग दादर ज्वारीचं पीठ खरपूस भाजलं, साखर मिसळली आणि डब्यात भरून ठेवलं. योगिता रोज मैदानावर जाण्याआधी ते पाण्यात कालवून पिई.

"ताकद येस ना, बेटा?" सुंदरा विचारी. पोर मान हलवी.

बडोद्याला तिसऱ्या फेरीत योगिता कोसळली. सरांनी तिला सुरतेला आणून दवाखान्यात दाखल केलं. सरांकडून डब्याचं ऐकून डॉक्टरीणबाई सुंदरावर चिडल्याच.

"अंगात रक्त सहा आहे हिच्या. वर्षानुवर्षं अर्धपोटी आहे ही. डबा कशाला हवा होता? पोटभर भाकरी, डाळ, भाजी दिली असती तरी पुष्कळ होतं. हृदय थकलंय पोरीचं. आता धावायचं नाव काढू नका."

रक्त वाढायच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन सुंदरा खाटेपाशी बसली. तिला राहवेना. "योगिता, डबामा पीठ व्हतं," ती रडत म्हणाली.

"माले माहित व्हतं, माय. पहिला दिनपाशीन. दादरना वास काय मी वयखाव नही?"

"मंग बोलनी का नही?"

योगिताने आईच्या हाडकुळ्या मनगटाकडे पाहिलं. "तू कधी काही मांगं का?"

आपण मुलीला पळायला नाही, गप्प राहायला शिकवलं, हे सुंदराला तिथे कळलं.

आठवड्याने योगिता घरी आली. शाळेच्या संघातून तिचं नाव गेलं होतं. लोटूने पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "ताकदन्याच गोया शेतस ना? लखननी रविवारे कुस्ती शे. त्याले बी दे."

नाही म्हणायला सुंदराने तोंड उघडलं. मग तिने पाकिटाचे दोन भाग केले आणि मोठा भाग लखनच्या दुधाच्या पेल्याशेजारी ठेवला. योगिता भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

वाचकहो, सुंदराला बोल लावायचा तर अवश्य लावा. फक्त त्याआधी आठवा, आज तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवलं, आणि तिच्या ताटात काय उरलं होतं.