चादरबाईंचा प्रवासाचा धडा

"बाई, दगड भरलेत की काय यात?" टॅक्सीवाल्याने बॅग डिकीत ढकलत विचारलं.

"चादरी आहेत," चादरबाई म्हणाल्या.

"कमाल आहे. तिकडे चादरी मिळत नाहीत?"

"मिळत असतील. आपली ती आपली."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. बॅगेत चादरी आणि फक्त चादरीच होत्या. रिकामी बॅग उचलली की माणसाला हाताने कळतं आणि या माणसाचा तर जन्म लोकांच्या बॅगा उचलण्यात गेला होता. म्हणून बाईंनी सकाळी कपाटातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी काढून, कडेला कड जुळवून, बॅगेत रचल्या होत्या. कारण बाई कुठेही जाणार नव्हत्या. त्यांच्याकडे तिकीटच नव्हतं.

चादरबाई हे नाव त्यांना इंग्रजीच्या वर्गात पडलं. वाचनालयाच्या माडीवर दुपारचा वर्ग भरायचा, मोठ्या माणसांचा. पहिल्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला आपला धंदा इंग्रजीत सांगायला लावला. बाई हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीतून निवृत्त झालेल्या. धुऊन आलेल्या चादरी तपासायच्या, फाटक्या बाजूला काढायच्या, बाकीच्या वॉर्डात पाठवायच्या. एवढं सगळं इंग्रजीत कुठून आणणार? त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आय अ‍ॅम बेडशीट." वर्ग हसून लोळला. सगळ्यात जास्त बाईच हसल्या. तेव्हापासून त्या चादरबाई आणि त्याच वर्गात शिकणारा हा टॅक्सीवाला.

परदेशातल्या मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. नातवाला इंग्रजीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. व्हिडिओ फोनवर तो "हॅलो ग्रँडमा" म्हणायचा आणि पुढे दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं. एक दिवस आपण तिथे उतरायचं आणि विमानतळावरच पोराशी त्याच्या भाषेत बोलायला लागायचं, अशी बाईंची गुपचूप तयारी चालली होती. सुनेचं तोंड कसं होईल, याचाही विचार त्यांनी बसल्या बसल्या बऱ्याचदा करून ठेवला होता.

मॅडमनी प्रवासाचा धडा घेतला तेव्हा तर बाईंना सूरच सापडला. बोर्डिंग पास, ट्रॉली, लगेज. एकेक शब्द त्या भांडी घासताना घोळवायच्या. 'माझा पहिला प्रवास' हा निबंध मॅडमनी तीनदा परत लिहायला लावला. बाईंनी तो चौथ्यांदा आपल्या हौसेने लिहिला. मुलाने तारीख कळवली होती, तिकीट पाठवतो म्हणाला होता. बाईंनी ती तारीख वर्गात सांगून टाकली.

मग मुलाचा फोन आला. यंदा जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू.

हे सांगायला म्हणूनच बाई दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या होत्या. तर फळ्यावर रंगीत खडूने विमान काढलेलं. सगळ्यांनी मिळून ही चाकांची बॅग आणलेली. मॅडमनी त्यांना पुढे बोलावून निबंध मोठ्याने वाचायला लावला. 'माय सन विल मीट मी अ‍ॅट द गेट' या वाक्याला टाळ्या पडल्या. आणि टॅक्सीवाला उठून म्हणाला, बाईंना मी पोहोचवणार, पैशाचं नाव काढायचं नाही. बाईंनी तोंड उघडलं, पण जीभ रेटेना. जमणार नाही म्हणावं तर लोक लगेच विचारणार, का? आणि त्या 'का'चं उत्तर मुलाच्या अंगावर जाणार. चार माणसांत आपल्या पोराचं नाव खराब करायला त्या काही वर्गात आल्या नव्हत्या.

आता टॅक्सी मोठ्या रस्त्याला लागली होती. टॅक्सीवाल्याने आरसा नीट केला आणि घसा खाकरून अधिकाऱ्याचा आवाज काढला.

"मॅडम, व्हॉट इज द पर्पज ऑफ युवर व्हिजिट?"

"टू सी माय सन अँड माय ग्रँडसन," बाई म्हणाल्या.

"हाउ लाँग विल यू स्टे?"

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"बाई, इथे अडकलात तर अडवतील बरं का तुम्हाला."

"थ्री मंथ्स," बाई म्हणाल्या.

"पास," टॅक्सीवाला खूश होऊन म्हणाला. "तुम्ही आमच्या वर्गाचं नाव काढणार."

विमानतळावर त्याने धावत जाऊन ट्रॉली आणली, बॅग चढवली आणि एकदम वाकून पाया पडला. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जा आता तू," त्या म्हणाल्या. "इथून पुढे माझं मला." गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत त्या हात हलवत राहिल्या.

मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे शब्द तिथे होते. डिपार्चर्स. चेक-इन. पॅसेंजर्स ओन्ली. मॅडमच्या फळ्यावरून उतरून ते इथे मोठमोठ्या पाट्यांवर जाऊन बसले होते आणि बाईंना एकूणएक वाचता येत होते. एवढं सुख आणि एवढं दुःख त्यांना एका जागी उभं राहून कधी झालं नव्हतं.

"अहो ताई, हे काय लिहिलंय?" शेजारून एका म्हातारीने विचारलं. तिने हातातला कागद पुढे केला.

बाईंनी कागद पाहिला. "तुमचं विमान त्या पलीकडच्या दारातून. पासपोर्ट बॅगेत ठेवू नका, हातात धरा. आणि आत विचारतील, किती दिवस राहणार. घाबरायचं नाही."

"मुलीकडे चाललेय. तिचे दिवस भरत आलेत," म्हातारी म्हणाली. "तुम्ही?"

"मुलाकडे."

"नशीबवान आहोत बाई आपण," असं म्हणून म्हातारी त्या दारातून आत गेली.

बराच वेळ झाल्यावर बाई बॅग ओढत बसथांब्याकडे निघाल्या. त्यांनी सगळा विचार केला होता, एक सोडून. विमानतळावरून रिकामी गाडी परत नेणारा टॅक्सीवाला अजून जन्माला यायचा आहे. पोहोचवून झालं की तो मागच्या बाजूने टॅक्सींच्या रांगेत लागतो आणि उतरणाऱ्या प्रवाशाची वाट बघतो. बसथांब्याची वाट त्या रांगेवरूनच जात होती आणि रांग सरकत सरकत आपला टॅक्सीवाला आता पहिल्या नंबरावर आला होता.

दोघांची नजरानजर झाली.

"विमान चुकलं?" तो धावत आला.

खोटं बोलायचा बाईंना कंटाळा आला होता. "विमान नव्हतंच रे," त्या म्हणाल्या.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. एक सुटाबुटातला प्रवासी दार उघडून बसायच्या बेतात होता. त्याला टॅक्सीवाल्याने हातानेच नाही म्हटलं, बाईंना आत बसवलं आणि गाडी काढली. थोडा रस्ता गेल्यावर बाईंनी सगळं सांगितलं.

"असला कसला हो मुलगा तुमचा," तो भडकून म्हणाला. "आईला आशा लावून..."

"त्याला बोलायचं नाही." बाईंचा आवाज वॉर्डबॉयला दटावताना लागायचा तसा लागला. "त्यालाच कोणी बोलू नये म्हणून तर इथवर आले."

तो म्हणाला, "वर्गात सांगतो, विमान रद्द झालं."

"मग रोज विचारतील, आता कधी. झाकली मूठ राहू दे. मी गेले म्हणून सांग."

"आणि वर्ग?"

"गेलेली बाई वर्गात कशी येणार?"

"तीन महिन्यांनी या की."

"तेव्हा फोटो मागतील. नातू काय म्हणाला विचारतील. मी कुठून आणू?"

बाई रडल्या. नवरा गेला तेव्हा लोकांसमोर रडल्या नव्हत्या, त्या पदर तोंडाला लावून टॅक्सीत रडल्या. मुलाने बोलावलं नाही ते दुःख होतंच. पण आयुष्यात पहिल्यांदा त्या कोणाच्या तरी वर्गात बाकावर बसल्या होत्या आणि ते बाकही आज आपल्याच हाताने सोडलं होतं.

टॅक्सीवाल्याने गाडीचा वेग कमी केला. "पण मुलाने नकार का दिला?"

"मला म्हणाला, तिकिटं महाग झालीत. पण फोन चालू असताना बायकोशी इंग्रजीत बोलला. माझ्यासमोरच. म्हणे, आईला इंग्रजीचा एक शब्द येत नाही, पोराशी बोलणार काय, तिलाच सांभाळायला कोणीतरी घरी राहावं लागेल. मला काय कळणार, अशा समजुतीत बोलला बिचारा."

"आणि तुम्हाला कळलं."

"अक्षर न् अक्षर."

"मग बाई, त्याच क्षणी इंग्रजीत बोलायचं होतं. फाडफाड."

"बोलले असते तर त्याला कळलं असतं की मी ऐकलं. जन्मभर मान वर करून माझ्याशी बोलला नसता. आणि मग लाजेपोटी तिकीट काढलं असतं. तसल्या तिकिटावर मला जायचं नाही."

इतक्यात बाईंच्या मांडीवरचा फोन वाजला. मुलगाच होता. बाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि फोन समोर धरला.

"कुठेयस गं? गाडीत?"

"भाजी आणायला निघाले होते. बोल."

मुलाच्या खांद्यावरून नातवाचं तोंड पुढे घुसलं. पुढचे दोन दात पडलेले. "ग्रँडमा," तो म्हणाला, "आय मेड अ बेड फॉर यू इन माय रूम. व्हाय आर यू नॉट कमिंग?"

टॅक्सीवाल्याचा हात गिअरवर तसाच राहिला. त्यालाही कळलं होतं. त्याच वर्गातला तो.

बाई नातवाकडे बघून हसल्या. पोरगं तोंडाकडे टक लावून उत्तराची वाट बघत होतं. उत्तर बाईंच्या ओठांशी आलं होतं, चांगलं पुरं वाक्य. त्यांनी ते गिळलं.

"काय म्हणतोय रे तो?" त्यांनी मुलाला विचारलं.

मुलगा म्हणाला, "काही नाही गं. जेवलीस का विचारतोय."

"हो का," बाई म्हणाल्या. "त्याला सांग, जेवले म्हणून. पोटभर जेवले."